बैलाची खांदेमळण होते, धन्याचे काय?



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकतो, हळद-तूप लावून मळतो. पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. एरवीही दुपारी औत सुटले की बैल सावलीत बसतो, पाणी पितो, रवंथ करतो. धन्याला मात्र हा नियम लागू नाही! पंपाच्या पट्ट्याने खांदा सोलला तरी आणखी एक टाकी भरायचीच. आता तर पुष्कळांच्या दारी बैलही उरला नाही. ट्रॅक्टर काही थकत नाही, त्यामुळे दुपारी औत सोडण्याची जुनी शिस्तसुद्धा मोडली.

पावसाने उघडीप दिली की निंदणी, डवरणी, खत, फवारणी सगळे एकदम अंगावर येते. वाफसा थांबत नाही, हे खरे. पण थकलेल्या अंगाने केलेले काम कुठे महागात पडते, ते नीट पाहा.

ज्या भागात मोटारीला रात्रीची वीज असते, तिथे माणूस रात्रभर दारे धरतो आणि उजाडताच पाठीला पंप लावतो. हे मुळीच करू नये. झोप नसली की हाताचा अंदाज चुकतो, औषधाचे माप चुकते, वाऱ्याची दिशा लक्षात येत नाही. शेजाऱ्याशी पाळी बांधून घ्या: एका रात्री त्याने दोघांचे पाणी पाहावे, दुसऱ्या रात्री तुम्ही. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी फवारणी ठेवूच नका. एक दिवस उशीर झाला तर पीक जात नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कितीतरी शेतकऱ्यांना व मजुरांना विषबाधा झाली, काही जण दगावले. कपाशी उंच वाढलेली होती, औषध तोंडावर-अंगावर येत होते. तेव्हा उपाशीपोटी फवारू नये. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, वाऱ्याकडे पाठ करून फवारावे. अंगभर कपडे, हातमोजे, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा असावा. हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू मळू नये. कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. चक्कर, मळमळ, तोंडाला लाळ, दरदरून घाम, अंधुक दिसणे यांतले काहीही जाणवले की पंप तिथेच उतरवा. कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि १०८ ला फोन करा. औषधाची बाटली, निदान तिचे लेबल, डॉक्टरांकडे न्यायला विसरू नका. कोणते विष आहे हे कळले की उपचार लवकर सुरू होतो.

उन्हात तहान लागण्याची वाट पाहू नये. अर्ध्या-अर्ध्या तासाने पाणी प्यावे. चहा म्हणजे पाणी नव्हे, बरे का! जुलाब-उलटी होऊन अंगातले पाणी गेले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) विरघळवून थोडे थोडे द्यावे.

घरातल्या बाईकडेही बघा. ती सगळ्यांच्या आधी उठते, निंदायला येते आणि उरलेसुरले शेवटी खाते. दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, ते "बायकांचे असतेच" म्हणून सोडू नका. उपकेंद्रात रक्त तपासून घ्यावे. लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर त्या फळीवर ठेवण्यासाठी नसतात. जेवायला सगळ्यांनी एकत्र बसले तर तिच्या ताटात काय पडते, ते आपोआप दिसेल.

आणि मनाचे काय? कर्जाचा, भावाचा घोर लागला, झोप उडाली, कशात जीव रमेना, तर ते भेकडपणाचे लक्षण नाही. गाठीच्या माणसाशी बोला. कोणी नसेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. शेजारचा गडी चार दिवस पारावर दिसला नाही, तर पाचव्या दिवशी तुम्हीच त्याच्या घरी जा.