शुगर घराण्यात आहे, म्हणजे नेमकी कुठे?

‘वडिलांना होती, आजीला होती, आमच्या घराण्यातच शुगर आहे,’ असं म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवतो. आईवडिलांकडून आलेली जनुकं घराण्याची असतात. तेच स्वयंपाकघर आणि तोच बैठा दिनक्रमही घराण्याचा असतो. आणि जन्माआधी आईच्या पोटात काढलेले महिने हादेखील वारसाच. आजार एकाच कुटुंबात अनेकांना झाला, एवढ्यावरून यांतलं कोण किती जबाबदार हे कळत नाही. हा गुंता सोडवणं हे जनुकीय साथरोगशास्त्राचं काम. थॅलेसेमियात एका जनुकातला दोष पुरतो. मधुमेहात शेकडो बारीक जनुकीय फरकांचा थोडाथोडा वाटा असतो. म्हणूनच या शास्त्राकडून भविष्य ऐकण्याची अपेक्षा चुकीची आहे. त्याचा खरा उपयोग कारणं वेगळी काढण्यासाठी आहे, आणि तो शोध कधीकधी जनुकांपासून सुरू होऊन ताटापर्यंत पोहोचतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं संशोधन याची साक्ष देतं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपला आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त, ही ठेवण कधी सुरू होते याचं उत्तर पुण्याजवळच्या सहा गावांत मिळालं. तिथे १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. या बाळांचं सरासरी वजन जेमतेम २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंनी आणि पोटाच्या घेराने बरीच लहान होती, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे मधुमेहाकडे झुकणारं शरीर जन्मतःच तसं होतं, आणि ‘जन्मतः’ म्हटलं की लोक लगेच ‘जनुकीय’ समजतात. घाई होते ती इथेच.

या मातांपैकी जवळपास दोनतृतीयांश जणींत ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्या मातांत ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला विरोध सर्वाधिक आढळला. यावर शंका घेणं रास्तच आहे: कमी ब-१२ असलेल्या घरांत इतरही अनेक गोष्टी कमी असू शकतात, मग दोष जीवनसत्त्वाचा की परिस्थितीचा? इथे जनुकं साक्षीदार म्हणून कामी येतात. ब-१२ किंवा फोलेट कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन वाढतं. पण एमटीएचएफआर या जनुकाच्या एका प्रकारामुळेही ते वाढतं. कोणाच्या वाट्याला तो प्रकार येईल हे गर्भधारणेच्या क्षणी ठरतं. त्यात पैसा, शिक्षण, आहार यांचा हात नसतो. पुणे आणि म्हैसूरच्या मातांवरच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हैदराबादच्या सीसीएमबीचे गिरिराज चांडक आणि याज्ञिक यांच्या गटाला दिसलं, की होमोसिस्टीन जास्त तिथे बाळाचं वजन कमी, आणि तो जनुकप्रकार असलेल्या मातांच्या बाळांचंही वजन कमी. निव्वळ योगायोग किंवा गरिबी हे स्पष्टीकरण त्यामुळे बरंच लंगडं पडतं. जनुकाचा अभ्यास करून पोषणाचं म्हणणं सिद्ध होण्याच्या जवळ आलं, ही मला या सगळ्या कामातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

आता मोठा आक्षेप. जगभरच्या २५ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०२४ साली टाइप २ मधुमेहाशी जोडलेल्या ६११ जागा जनुकसंचात सापडल्या; मग भारतात वेगळं काम कशाला? काही निष्कर्ष खरोखर सगळीकडे टिकतात. आइसलँडच्या संशोधकांनी २००६ साली शोधलेलं टीसीएफ७एल२ पुण्यातल्या रुग्णांतही मधुमेहाशी जोडलेलं निघालं. पण एफटीओ जनुकाचं तसं झालं नाही. युरोपीय लोकांत ते आधी वजन वाढवतं आणि त्या मार्गाने मधुमेह आणतं. पुण्याच्या अभ्यासात वजनाने त्याचा थोडाच भाग उलगडला. शिवाय २०१९ च्या एका मोजणीनुसार अशा अभ्यासांतले ७९ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावर बेतलेले जोखीम-गुणांक आपल्याकडे कमी अचूक ठरतात. ‘जीनोम इंडिया’ने १०,००० भारतीयांचे जनुकसंच गोळा केले ते म्हणूनच महत्त्वाचे; मात्र त्या व्यक्तींच्या जन्मवजनाची आणि आहाराची माहिती जोडल्याशिवाय पुण्यासारखे प्रश्न विचारता येणार नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: पोटातल्या महिन्यांना दोष दिला, की खापर पुन्हा आईवरच फुटणार. ती भीती खरी आहे, सासरच्या बोलण्यात तर फारच खरी. पण पुराव्याचा रोख वेगळीकडे आहे. मातेतली कमतरता गरोदरपणाच्या आधीपासूनची असते. म्हणून पुण्याच्या गटाने २०१२ मध्ये त्याच गावांत जन्मलेल्या किशोरवयीन मुलामुलींना, दोघांनाही, ब-१२ देण्याचा प्रयोग सुरू केला. आणि मोठेपणीची परिस्थिती कमी लेखायचं कारण नाही: २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब अहवालात मधुमेहाचं प्रमाण शहरांत १६.४ टक्के, खेड्यांत ८.९ टक्के आहे. शहरातली बरीच माणसं त्याच खेड्यांतून आलेली. एकदोन पिढ्यांत जनुकं एवढी बदलत नाहीत.

त्यामुळे लाळेचा नमुना घेऊन मधुमेहाचा धोका सांगणारी चाचणी कुणी विकायला आलं, तर तिचे गुणांक कोणत्या लोकांवर बेतले आहेत हे आधी विचारा. समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर तेच पैसे एचबीए१सीच्या तपासणीवर खर्च करा, आणि घरात कुणी वयात येत असेल तर तिचं किंवा त्याचं ब-१२ डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासून घ्या.