गृहशास्त्र अध्यापनाची पूर्वतयारी

गृहशास्त्र हा आहार, वस्त्र, निवास, बालसंगोपन आणि कुटुंबाचा अर्थव्यवहार यांचा शास्त्रीय अभ्यास करणारा विषय आहे. किशोरवयीन विद्यार्थ्यांना तो शिकवताना त्याला जीवनकौशल्यांची जोड दिली जाते. प्रात्यक्षिक हा विषयाचा गाभा असल्याने शिक्षकाला पाठ्यपुस्तकाबाहेरची तयारी बरीच करावी लागते.

पार्श्वभूमी

अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ एलेन स्वॅलो रिचर्ड्स यांच्या पुढाकाराने १८९९ पासून लेक प्लॅसिड येथे परिषदा भरल्या आणि या विषयाला शास्त्राचे रूप आले. भारतात दिल्लीचे लेडी अर्विन महाविद्यालय १९३२ मध्ये सुरू झाले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) गृहशास्त्र मुलींवर सक्तीचे करू नये असे सुचवले. तरीही ‘मुलींचा विषय’ ही त्याची ओळख सहजासहजी पुसली गेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांत निर्णयक्षमता, समानुभूती व ताणतणावाचे नियोजन यांचा समावेश होतो. ती कौशल्ये मुलगे व मुली दोघांनाही सारखीच लागतात.

प्रात्यक्षिकाची तयारी

पदार्थ शिकवण्यापूर्वी शिक्षकाने तो शाळेतल्याच शेगडीवर आणि शाळेतल्याच भांड्यांत करून पाहणे आवश्यक असते. घरी वीस मिनिटांत होणारी खिचडी वर्गात गट पाडणे, धुणे-निवडणे आणि शेवटची आवराआवर धरून एका तासिकेत बसत नाही; त्यासाठी जोडतासिका मागून घ्यावी लागते. ‘एक वाटी’ हे माप घरोघरी वेगळे असते, म्हणून तराजू हवा. खिचडीच का, याचे उत्तरही तयार असावे: तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, तर डाळीत मिथिओनिन कमी असते, दोन्ही एकत्र आल्याने प्रथिनांचा दर्जा वाढतो. गटात मुली रांधतात आणि मुलगे वहीत नोंदी करतात, असे आपोआप घडते. ते टाळण्यासाठी कामांची पाळी आधीच लिहून ठेवणे इष्ट.

अर्थव्यवहाराच्या पाठात अधिक जपावे लागते. ‘आपल्या घरचा जमाखर्च लिहून आणा’ हा स्वाध्याय वरवर निरुपद्रवी वाटतो. पण वडिलांचे काम सुटलेल्या मुलाला तो वर्गात उघडे पाडतो. त्याऐवजी एखादे काल्पनिक कुटुंब घेऊन अंदाजपत्रक करवून घेता येते. वीजबिल मात्र खुशाल शिकवावे: २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला, तर एक युनिट वीज खर्च होते. अन्न टिकवण्याच्या पाठातही घरी फ्रिज असल्याचे गृहीत धरू नये.

मूल्यमापन

लेखी उत्तरापेक्षा कृती पाहणे योग्य. उदाहरणार्थ, जलसंजीवनी करताना एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ लागते. मीठ जास्त पडल्यास लहान मुलाला अपाय होऊ शकतो. म्हणून येथे गुण द्यायचे ते अचूक मापाला.