सौगंधिक आणि छिंगशिन : दुर्मीळ वस्तूच्या शोधाचे एक नवे रूप

दुर्मीळ वस्तूच्या शोधार्थ नायकाने दुर्गम प्रदेशात जाणे हा जागतिक कथावाङ्मयातील अत्यंत जुना कल्पनाबंध होय. गिल्गामेश पाण्याच्या तळातून यौवन परत देणारी वनस्पती आणतो. ती सर्प पळवतो. रामायणाच्या युद्धकांडात हनुमान मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सावर्ण्यकरणी आणि संधानी या चार औषधींसाठी जातो आणि त्या दिसेनाशा झाल्यामुळे शिखरच उचलून आणतो. महाभारताच्या वनपर्वात भीम द्रौपदीसाठी सौगंधिक कमळे आणावयास गंधमादनाकडे निघतो. या कथांत शोधाची मोहीम बहुधा एकदाच घडते, आणि तिचे एकमेवपण हाच कथेचा गाभा असतो.

संगणकावरील भूमिकाप्रधान खेळांनी हा कल्पनाबंध उचलला आहे. या खेळांत पात्राची शक्ती वाढविण्यासाठी दुर्मीळ सामग्री जमवावी लागते. ही सामग्री जमविणे म्हणजे केवळ यांत्रिक कंटाळवाणे काम, असे मानून साहित्याभ्यासक बहुधा खेळाच्या लिखित कथानकाकडेच वळतात. प्रत्यक्षात खेळाडूचा फार मोठा काळ या जमवाजमवीतच जातो. म्हणून जुन्या कल्पनाबंधाचे येथे नेमके काय होते, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहणे उपयुक्त ठरेल.

शांघाय येथील मिहोयो या संस्थेचा ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा खेळ २८ सप्टेंबर २०२० रोजी प्रकाशित झाला. त्यातील लीयुए हा प्रदेश चिनी भूदृश्य आणि परंपरा यांवर बेतलेला आहे. २०२१ मध्ये खेळाडूंना उपलब्ध झालेला शियाओ हा या प्रदेशाचा रक्षक असून तो ‘यक्ष’ आहे. संस्कृतातील यक्ष बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांतून चिनी भाषेत ‘येछा’ झाला. तोच प्रवास करून तो या खेळात पोहोचला आहे. शियाओसाठी लागणाऱ्या रत्नाचे इंग्रजी आवृत्तीतील नाव ‘वायुद’ असे संस्कृत वळणाचे आहे. अन्य पात्रांच्या रत्नांची अग्नि, वरुण, वज्र, पृथिवी, नाग आणि शिव यांवरून घडविलेली नावेही तशीच. मूळ चिनी नावे मात्र निराळी आहेत. म्हणजे भाषांतरकारांनी सामग्रीच्या यादीला दैवतकथेचा पोशाख चढविला, असे म्हणता येते.

शियाओची पातळी २० पासून ९० पर्यंत नेण्यासाठी सहा टप्पे ओलांडावे लागतात. त्यांसाठी लागणाऱ्या सामग्रीत छिंगशिन नावाची १६८ फुले, एका महाकाय भूसर्पाकडून मिळणारे ४६ जेड-खंड आणि वायुद रत्नाचे चढत्या प्रतीचे तुकडे यांचा समावेश होतो. रत्नाचे खालच्या प्रतीचे तीन तुकडे जोडून वरच्या प्रतीचा एक घडविता येतो. यांपैकी फूल आणि जेड या दोन वस्तू दुर्मीळतेच्या दोन भिन्न कल्पनांवर उभ्या आहेत.

छिंगशिन या शब्दाचा अर्थ ‘निर्मळ हृदय’. हे पांढरे फूल लीयुएच्या उंच शिलास्तंभांच्या माथ्यावर उगवते. ते मिळविण्यासाठी कडा चढावा लागतो. दम संपला तर खेळाडू खाली कोसळतो. कोणत्या शिखरावर फूल आहे आणि कोणत्या शिखरावरून तरंगत गेल्यास दुसरे गाठता येते, हे भूदृश्य वाचूनच कळते. तोडलेले फूल सुमारे दोन दिवसांनी पुन्हा उगवते. १६८ फुले एका फेरीत मिळत नसल्याने खेळाडूला त्याच कड्यांवर वारंवार जावे लागते, किंवा दुसऱ्या खेळाडूच्या जगात पाहुणा म्हणून जाऊन फुले तोडावी लागतात. तेथे प्रवेश मिळाल्यावर तोडण्यास खेळाचा नियम आडवा येत नाही; तरीही यजमानाला आधी विचारणे हा शिष्टाचार मानला जातो.

येथे वनपर्वाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. वाऱ्याने एकच सौगंधिक द्रौपदीजवळ आणून टाकले आणि तिने तशीच पुष्कळ फुले मागितली. ‘तसेच आणखी’ ही मागणी जुन्या कथेतही आहे. सरोवराचे रक्षक भीमाला कुबेराची अनुमती घ्यावयास सांगतात. क्षत्रिय याचना करीत नाही, असे म्हणून तो ती नाकारतो. फूल कोणाचे आणि ते मागून घ्यावे की नाही, हा प्रश्न दोन्हीकडे उभा राहतो. कुबेर हा यक्षांचा राजा. तेथे यक्षराजाच्या सरोवरातून फूल आणले जाते, येथे यक्षाच्या सामर्थ्यासाठी.

जेडची गोष्ट वेगळी. भूसर्प ठरलेल्या ठिकाणी असतो. त्याला हरविल्यावर जेड घेण्यासाठी ‘राळ’ नावाचे ४० एकक खर्च करावे लागतात. राळेचे एक एकक आठ मिनिटांनी भरून येते. साठ्याची कमाल मर्यादा आरंभी १२० होती. ती नोव्हेंबर २०२० मध्ये १६० आणि जून २०२४ मध्ये २०० झाली. जगाच्या आठव्या स्तरावर एका विजयात दोन किंवा तीन जेड मिळतात. म्हणजे ४६ जेडसाठी १६ ते २३ लढाया आणि ६४० ते ९२० एकके राळ लागते. ती भरून येण्यास सुमारे साडेतीन ते पाच दिवस जातात. या काळात त्याच राळेतून अन्य सामग्रीही मिळवावयाची असते. भूसर्प दुर्मीळ नाही, जेडही दुर्मीळ नाही. दुर्मीळ केला गेला आहे तो काळ. हा काळ विकतही मिळतो, कारण पैशाने घेता येणाऱ्या चलनातून राळ पुन्हा भरता येते.

काळाची ही वाटणी वारांनीही केलेली आहे. शियाओच्या कौशल्यांसाठी लागणारी ‘समृद्धी’ची पुस्तके मूळ योजनेत सोमवारी आणि गुरुवारी मिळत, ‘उद्यम’ची मंगळवारी आणि शुक्रवारी, ‘सुवर्ण’ची बुधवारी आणि शनिवारी, रविवारी तिन्ही. श्रावणातील वारांच्या कहाण्या परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही रचना अनोळखी वाटणार नाही. वार नेमलेला, कृती नेमलेली, फळ सांगितलेले. मात्र वशात फळ निष्ठेला मिळते आणि वसा टाकणे हा दोष ठरतो. खेळात चुकलेल्या दिवसाचा दोष लागत नाही. वाया गेलेली राळ तेवढी मोजली जाते.

या फरकाचा कथनाशी काय संबंध? जेरार जनेत यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या कथनमीमांसेत घटना किती वेळा घडली आणि किती वेळा सांगितली गेली, यांच्या नात्याला ‘वारंवारता’ म्हटले आहे. अनेकदा घडलेले एकदाच सांगणे ही कथनाची मोठी सोय होय. नायकाने बारा वर्षे तप केले, असे पुराणकार एका वाक्यात सांगतो. खेळ ही सोय नाकारतो. तेथे तेवीस लढाया तेवीस वेळा लढाव्या लागतात. जुन्या कथेने ज्या श्रमाचा केवळ निर्देश केला, तो श्रम येथे खेळाडूच्या वाट्याला येतो.

जेडच्या बाबतीत या आवृत्तीतून कथा निपजणे कठीण आहे, कारण सोळावी लढाई पहिलीहून फारशी वेगळी नसते. फुलाच्या बाबतीत मात्र प्रत्येक फेरीत प्रदेशाची ओळख वाढते. आधी नकाशात पाहावा लागलेला कडा पुढे ओळखीचा होतो. हा भेद टिकाऊ नाही. जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या वाफ्यात रोपे लावण्याची सोय मिळाली आणि शिखरावरचे छिंगशिन बागेतही घेता येऊ लागले. सोय वाढली, चढण कमी झाली, आणि फुलाचा स्थळाशी असलेला संबंध तेवढ्या प्रमाणात सैल झाला.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा हा की, दुर्मीळता हा वस्तूचा गुण नसून तो रचनेचा परिणाम असतो. जुन्या कथेत ती अंतर, रक्षक आणि एकमेवपण यांनी घडते. खेळात ती संख्या, शक्यता आणि घड्याळ यांनी. जेथे खेळ स्थळाच्या आधारे दुर्मीळता घडवितो, तेथे तो भीमाच्या वाटेवर आहे. जेथे तो ती केवळ घड्याळाच्या आधारे घडवितो आणि तेच घड्याळ विकावयास मांडतो, तेथे शोधाची कथा संपून व्यवहार सुरू होतो. एकाच यादीतील फूल आणि जेड यांच्यामधील ही सीमारेषा केवळ लिखित कथानक वाचून दिसत नाही.