इंद्रवज्र कुणाच्या डोक्यावर?



हा लेख एका भांडणाविषयी आहे. भांडण जुनं, १९७० सालच्या ऑक्टोबरातलं. भांडणारे दोघे, मी आणि माझा कॉलेजातला खोलीमित्र. ते मिटायला पन्नासाहून अधिक वर्षं, दोन कॅमेरे आणि स्कॉटलंडमधली एक वारा पडलेली पहाट लागली. ज्यांना फोटोग्राफीचं वेड आहे त्यांना यात हवामानाची थोडी माहिती मिळेल. ज्यांना नाही, त्यांना निदान विमानात कुठल्या बाजूची खिडकी मागायची ते कळेल.

सह्याद्रीत भटकलेल्यांना हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा वेगळा सांगायला नको. जे इथेच जन्मले, वाढले, त्यांच्यासाठी सांगतो. गडाच्या पश्चिमेला डोंगर एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसतं. कडा आतल्या बाजूला वळलेला, नागाच्या फण्यासारखा. पावसाळ्याच्या शेवटी कोकणातून धुकं वर चढतं आणि कड्याच्या तोंडाशी येऊन थांबतं. अशा वेळी सकाळचं ऊन पाठीवर घेऊन कड्यावर उभं राहिलं, तर समोरच्या धुक्यावर आपली सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती सप्तरंगी वर्तुळ उमटतं. त्यालाच आपल्याकडे इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावर लिहिलेला निबंध १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. त्यात या गडावरून पाहिलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचं वर्णन आहे.

आम्ही पाचजण पुण्याहून एस.टी.ने खुबी फाट्यापर्यंत गेलो आणि खिरेश्वरहून तोलार खिंडीने गड चढलो. सकाळी तिघे गुहेत घोरत पडले होते. कड्यावर मी आणि माझा मित्र. धुकं आलं, सावल्या पडल्या, आणि वर्तुळ दिसलं. मी ओरडलो, "अरे, माझ्या डोक्याभोवती बघ!" तो म्हणाला, "तुझ्या कसलं? माझ्या!" दोघांनाही समोरचा धडधडीत खोटं बोलतोय असं वाटलं. माझ्याकडे काकांचा आगफा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि त्यातला एकच शिल्लक होता. तो मी काढला.

आठ दिवसांनी रोल धुऊन आला. कृष्णधवल फोटोत रंग कुठले, पण वर्तुळ स्पष्ट होतं. ते होतं कोपरं वर करून उभ्या असलेल्या सावलीच्या डोक्याभोवती, म्हणजे माझ्या. शेजारच्या सावलीचं डोकं मोकळं. मित्राने फोटो पाहिला आणि म्हणाला, "कॅमेरा तुझा ना, मग वर्तुळही तुझंच!"

हा टोमणा शास्त्राच्या दृष्टीने तंतोतंत खरा होता, हे मला फार उशिरा कळलं. सूर्य, तुमचा डोळा आणि तुमच्या डोक्याची सावली या तीन गोष्टी एका सरळ रेषेत असतात. धुक्यातले अतिसूक्ष्म थेंब प्रकाशाचा काही भाग आल्या वाटेने मागे पाठवतात आणि त्याचे रंग त्या रेषेभोवती कड्यांसारखे पसरतात, लाल सगळ्यांत बाहेर. रेषा ज्याच्या त्याच्या डोळ्याची असते. म्हणून प्रत्येकाला प्रभावळ दिसते ती फक्त स्वतःच्या डोक्याभोवती, आणि कॅमेऱ्याला ती दिसते कॅमेऱ्याभोवती. शेजाऱ्याची सावली दिसते, त्याची प्रभावळ दिसत नाही.

इंग्लंडला आल्यावर मी हे सगळं आकृती काढून मित्राला पत्राने कळवलं. त्याचं उत्तर आलं, "आकृती कळली. पण पुरावा म्हणून जगात एकच फोटो आहे आणि त्यात मी बोडका आहे." पुढे प्रत्येक भेटीत, प्रत्येक फोनवर हा विषय निघायचाच. शेवटचं बोलणं झालं तेव्हा तो म्हणाला, "कुणीतरी एकदा दोन कॅमेरे घेऊन जा रे. दोघांनी एकाच क्षणी काढा. मग मी मान्य करीन." गेल्या वर्षी मे महिन्यात त्याला पुण्यात पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं.

गुडघा बदललेल्या माणसाने हरिश्चंद्रगड चढायचा विषय डॉक्टरांनी पहिल्या वाक्यातच संपवला. तेव्हा थोरल्या मुलाला म्हटलं, आपण स्कॉटलंडला जाऊ. त्याने आठवड्याची रजा काढली. खरं सांगायचं तर आम्ही दोघं इतके दिवस एकत्र असण्याची ही बऱ्याच वर्षांतली पहिलीच वेळ. ऑक्टोबरच्या मध्यात मँचेस्टरहून निघालो. मागच्या सीटवर दोन कॅमेरे, दोन तिपाया आणि सौ.ने दिलेला तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा.

स्कॉटलंडच का? कारण या दृश्याचं तिथल्या डोंगरांशी जुनं नातं आहे. युरोपात याला जर्मनीतल्या हार्त्स पर्वतातल्या ब्रोकेन शिखराचं नाव मिळालं, पण त्यातून विज्ञानाला मोठी देणगी मिळाली ती बेन नेव्हिसवर. ब्रिटनमधलं हे सर्वांत उंच शिखर, १३४५ मीटर. १८८१ साली क्लेमेंट रॅग नावाचा गृहस्थ जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रोज हा डोंगर चढून हवामानाच्या नोंदी घेत होता. दोन वर्षांनी माथ्यावर वेधशाळा उभी राहिली आणि ती १९०४ पर्यंत चालली. सप्टेंबर १८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सन हा तरुण शास्त्रज्ञ तिथे दोन आठवडे राहिला. ढगांवरची ही रंगीत वर्तुळं पाहून तो इतका भारावला की प्रयोगशाळेत कृत्रिम ढग तयार करायच्या मागे लागला. त्यातून 'क्लाउड चेंबर' जन्माला आलं, अणूहून लहान कणांचा माग दाखवणारं यंत्र. त्यासाठी १९२७ साली त्याला नोबेल मिळालं.

हा सगळा इतिहास मी मुलाला गाडीत ऐकवला. बाहेर पाऊस कोसळत होता.

तो पुढे तीन दिवस कोसळत राहिला. बेन नेव्हिसच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरला याहून जास्त, पण तो चार महिन्यांत उरकतो; इथे बाराही महिने हप्तेबंदी. फोर्ट विल्यमच्या ज्या घरात उतरलो होतो तिथल्या खिडकीतून समोरचा डोंगर एकदाही दिसला नाही. मुलगा मात्र खुशीत होता. तो ग्लेन कोच्या ओढ्यांचे, ओल्या बर्च झाडांचे फोटो काढत राहिला. ढगाळ उजेड जंगलाला आणि वाहत्या पाण्याला चांगला, कारण कडक सावल्या पडत नाहीत. आणि पोलरायझर लावला की ओल्या पानांवरची चकाकी जाऊन रंग उघडे पडतात. हे त्याने मला समजावलं. मी ऐकलं नाही. मी गाडीत बसून अंदाज वाचत होतो.

या अंदाजानेच माझी फजिती केली. स्कॉटलंडमधले डोंगरकरी हवामान खात्याच्या जोडीने माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा अंदाज पाहतात. त्यात उद्या शिखरं ढगांबाहेर असण्याची शक्यता टक्क्यांत दिलेली असते. तिसऱ्या रात्री आकडा होता १० टक्के. मुलगा म्हणाला, "बाबा, पहाटे उठून बघायचं का?" मी म्हटलं, "दहा टक्क्यांसाठी झोपमोड कशाला?" सकाळी न्याहारीला घरमालकीणबाई म्हणाल्या, "आज किती सुंदर होतं! आठपर्यंत दरीत नुसता कापूस भरला होता आणि वर निळं आकाश." आम्ही बाहेर पाहिलं तेव्हा पाऊस पुन्हा सुरू झाला होता.

मी पस्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आहे. दहा टक्के म्हणजे शून्य नव्हे, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात सांगत असे. मुलगा एक अक्षर बोलला नाही. तो शांतपणे टोस्टला लोणी लावत राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या दुपारी नकाशावर उच्च दाबाचा पट्टा सरकताना दिसला. आम्ही दक्षिणेकडे निघालो आणि लॉक लोमंड या मोठ्या सरोवराकाठी, बालमाहा गावाजवळ मुक्काम केला. तिथला कॉनिक हिल जेमतेम ३६० मीटरचा. सिंहगडाच्या चढापेक्षा बराच कमी, माझ्या गुडघ्याला झेपेल असा.

तुम्हाला हे दृश्य गाठायचं असेल तर कुठली रात्र हवी ते लक्षात ठेवा. पावसाने जमीन ओली झालेली, संध्याकाळी आकाश स्वच्छ, वारा जवळजवळ नाही, दाब चढा आणि रात्र लांब. एरवी उंच जावं तशी हवा थंड होत जाते. अशा रात्री जमिनीची उष्णता निरभ्र आकाशात निघून जाते, गार आणि जड झालेली हवा उतारांवरून ओघळून दरीच्या तळाशी साचते आणि वर तुलनेने उबदार हवेचं झाकण बसतं. झाकणाखाली धुकं दाटतं. सगळा खेळ ते झाकण डोंगरमाथ्याच्या खाली आहे की वर, यावर. आणि ते वर गेल्याशिवाय कळत नाही.

पहाटे डोक्याला दिवे लावून निघालो. धुकं इतकं दाट की काठीचं टोक दिसत नव्हतं. पायऱ्यांच्या वाटेवर मी दर वीस पावलांनी थांबत होतो. अर्ध्या वाटेवर मुलगा म्हणाला, "बाबा, परत जायचं असेल तर जाऊ. मला चालेल." मी विचारलं, "अंदाज काय आहे?" तो म्हणाला, "मी पाहिलाच नाही." मग आम्ही दोघंही हसलो आणि पुन्हा चढू लागलो.

आणखी अर्ध्या तासाने राखाडी रंग पांढरा झाला, पांढऱ्यातून निळा झिरपला आणि एकदम डोकं वर निघालं. सरोवर नव्हतं, बेटं नव्हती, गाव नव्हतं. क्षितिजापर्यंत पांढरा समुद्र, आणि उत्तरेला बेन लोमंडचा माथा तेवढा वर तरंगणारा. मागून ऊन आलं. पश्चिमेच्या उतारावर वीस-पंचवीस पावलांवर धुक्याची एक लाट चढून आली आणि तिच्यावर आमच्या सावल्या पडल्या.

"बाबा!" मुलगा ओरडला, "माझ्याभोवती आहे!"

माझ्या तोंडात "तुझ्या कसलं?" हे आलंच होतं. मी ते गिळलं. त्याला माझ्याभोवतीचं दिसत नव्हतं, मला त्याच्याभोवतीचं. पन्नास वर्षं आकृती माहीत असूनही प्रत्यक्ष पाहताना मन तेच म्हणतं, की हे माझं आहे.

आम्ही खांद्याला खांदा लावून कॅमेरे डोळ्यांना लावले. मी एक, दोन, तीन म्हटलं. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. साधारण बारा मिनिटं ते दृश्य येत-जात राहिलं. मग धुकं फाटलं आणि खालची बेटं एकामागून एक वर आली. आम्ही पुऱ्या खाल्ल्या.

हौशी मंडळींसाठी थोडं. धुकं पांढरं असतं आणि कॅमेरा ते राखाडी करतो, म्हणून उजेड एक पायरी वाढवून घ्या. रुंद कोनाची लेन्स लावा. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात, जादाच्या आतल्या खिशात ठेवा. लेन्स पुसायला दोन सुकी फडकी हवीतच. सूर्योदयाआधी वर पोहोचा, आणि कुठे जातो आहोत ते कुणाला तरी सांगून निघा. कोकणकड्यावर जाणार असाल तर सप्टेंबर-ऑक्टोबर पाहा, आणि कड्याच्या टोकाशी उभं न राहता पोटावर पडून डोकवा. ज्यांना चढणं नको, त्यांनी भारतात जाताना दिवसाच्या विमानात सूर्याच्या उलट बाजूची खिडकी मागावी. खाली ढग असतील तर विमानाच्या सावलीभोवती हेच वर्तुळ दिसतं. नीट पाहा, त्याचा मध्य बरोबर तुमच्या खिडकीवर असतो.

संध्याकाळी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. वहिनींनी फोन मित्रासमोर धरला. आधी मी मुलाने काढलेला फोटो पाठवला. त्यात मुलाच्या डोक्याभोवती सप्तरंगी वर्तुळ, आणि शेजारी काठीवाली सावली मोकळ्या डोक्याची. वर्तुळ आहे आणि मी बोडका आहे, असा हा पहिलाच फोटो. मग त्याच क्षणी मी काढलेला दुसरा. त्यात काठीवाल्याला प्रभावळ आणि मुलगा बोडका.

त्याने दोन्ही बराच वेळ पाहिले. मग डावा हात सावकाश उचलला आणि बोटाने स्वतःच्या डोक्याभोवती एक वर्तुळ काढलं. हात थोडा थांबला. मग तेच बोट त्याने पडद्याकडे, माझ्याकडे केलं आणि आणखी एक वर्तुळ काढलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हसताहेत हं ते. तुम्हाला तिकडून कळत नसेल."

मला कळलं होतं.

हा अंक पुण्याला पोहोचला की वहिनी त्याला हा लेख वाचून दाखवणार आहेत. म्हणून शेवटचं वाक्य त्याच्यासाठी: कॅमेरा माझा होता, हे मला मान्य आहे.