मजकूर संपादक : कामानुसार निवड

रब्बी ज्वारीच्या 'मालदांडी ३५-१' या वाणामुळे सोलापूर जिल्ह्यातील मोहोळचे नाव कृषिसंशोधनात सर्वपरिचित झाले आहे. वाण निवडताना जमिनीची खोली पाहावी, हे येथील शेतकऱ्यांस नव्याने सांगावे लागत नाही. हलक्या जमिनीस 'फुले अनुराधा', तर भारी जमिनीस 'फुले वसुधा' हे वाण योग्य ठरतात. संगणकावर मजकूर लिहिण्याच्या व दुरुस्त करण्याच्या साधनांबाबतही हाच विवेक आवश्यक आहे. या साधनांना 'मजकूर संपादक' म्हणतात. लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्स या मुक्त प्रणालीवर असे अनेक संपादक विनामूल्य उपलब्ध आहेत.

एका नावाची पाच चिन्हे

मजकूर संपादक अक्षरांचा आकार वा रंग जतन करीत नाही. तो केवळ चिन्हे जतन करतो. 'मोहोळ' या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. युनिकोड संकेतप्रणालीत मात्र त्याची पाच चिन्हे होतात व यूटीएफ-८ पद्धतीने ती १५ बाइट जागा घेतात. ओकाराच्या एका चिन्हाऐवजी कोणी काना व मात्रा वेगवेगळे टंकित केले, तर शब्द जवळजवळ तसाच दिसू शकतो. परंतु संगणकाच्या लेखी तो निराळा असतो. शोध घेतला असता ते नाव सापडत नाही.

कोणत्या कामास कोणता?

मराठी पत्रे, अहवाल वा टिपणे लिहिण्यासाठी 'जीएडिट' किंवा 'केट' हे खिडकीतील संपादक सोयीचे आहेत. त्यांत जोडाक्षरे व मात्रा नीट दिसतात.

दूरच्या संगणकावरील एखादी मांडणी-फाइल दुरुस्त करावयाची असल्यास केवळ अक्षरांच्या पडद्यावर काम करावे लागते. तेथे नवशिक्यास 'नॅनो' सुलभ वाटतो, कारण त्याच्या आज्ञा पडद्याच्या तळाशी लिहिलेल्या असतात. नित्य काम करणारे 'व्हिम' पसंत करतात. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये रचलेल्या 'व्हीआय'चा हा वारसदार होय. त्यात आज्ञा देणे व लिहिणे या दोन वेगळ्या अवस्था असतात. कळफलक मराठीवर राहिल्यास आज्ञा ओळखल्या जात नाहीत. म्हणून आज्ञा देताना तो इंग्रजीवर आणावा. 'ईमॅक्स'मध्ये देवनागरीची लेखनपद्धती अंगभूत असल्याने ही अडचण बरीच कमी होते.

अशा पडद्यावर जोडाक्षरे कधी कधी तुटलेली दिसतात. हा बहुधा केवळ दाखविण्यातील दोष असतो. तो 'दुरुस्त' करण्याच्या भरात मुळात शुद्ध असलेले नाव बिघडते. प्रथम तीच फाइल खिडकीतील संपादकात उघडून खात्री करून घ्यावी.

याद्यांची दुरुस्ती

लाखो ओळींच्या यादीसाठी 'सेड' हे साधन उपयुक्त आहे. ते सारी फाइल एकदम न उघडता ओळीमागून ओळ तपासते व सांगितलेला बदल करते. मात्र येथेच सर्वाधिक सावधगिरी हवी. समजा, लाभार्थींच्या यादीत गावाच्या रकान्यात 'मोहळ' असे चुकून पडले आहे व ते सर्वत्र 'मोहोळ' करावयाचे आहे. सरसकट बदल केल्यास 'मोहळकर' आडनावाची व्यक्तीही 'मोहोळकर' होईल. तिचे नाव बँकेच्या पुस्तकाशी जुळणार नाही आणि हक्काची रक्कम अडकून पडेल. एका आज्ञेने झालेली ही चूक निस्तरण्यास त्या व्यक्तीला अनेक हेलपाटे घालावे लागतील.

यासाठी चार गोष्टी पाळाव्यात. मूळ फाइलची प्रत आधी वेगळी ठेवावी. बदल केवळ गावाच्या रकान्यापुरता मर्यादित करावा. प्रथम थोड्या ओळींवर प्रयोग करावा. शेवटी 'डिफ' या साधनाने जुनी व नवी प्रत ताडून बदललेली प्रत्येक ओळ नजरेखालून घालावी. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेल्या याद्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात.

लिनक्सचे प्राथमिक शिक्षण मराठीतून घेण्याची सोय आता झाली आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातील ध्वनिचित्रपाठ विनामूल्य आहेत. मोहोळसारख्या गावातील विद्यार्थी, ग्रंथपाल व कार्यालयीन कर्मचारी यांनी त्यांचा लाभ घेतल्यास नोंदी अचूक राहतील व नावातील एका मात्रेपायी कोणाचाही हक्क डावलला जाणार नाही.