अहंकार : एक दुर्लक्षित व्याधी

अभिमान आणि अहंकार हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. मला त्यांत भेद करावासा वाटतो. केलेल्या कामाचे समाधान हा अभिमान; आपले चुकूच शकत नाही ही खात्री म्हणजे अहंकार. आम्हा डॉक्टर मंडळींना समाज मान देतो, रुग्ण सहसा उलट प्रश्न करीत नाहीत. त्यामुळे एकातून दुसरा केव्हा उपजतो हे ध्यानातही येत नाही.

वैद्यकाच्या इतिहासातील याचे ठळक उदाहरण व्हिएन्नाचे. तेथील सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी काम करीत. सूतिकाज्वराने दगावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण डॉक्टरांच्या विभागात कितीतरी अधिक असे. १८४७ मध्ये शवविच्छेदनाच्या वेळी झालेल्या जखमेने प्रा. कोलेश्का वारले. त्यांच्या शवात सूतिकाज्वरासारखेच बदल आढळले, तेव्हा त्यांचे स्नेही डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी ताडले की, विच्छेदनगृहातून प्रसूतिगृहात जाणारे आपलेच हात रोग वाहून नेत आहेत. मे महिन्यापासून त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये सुमारे २ वर आले.

तरीही अनेक थोरामोठ्यांनी हे मानले नाही. जंतुसिद्धान्त तेव्हा प्रस्थापित व्हायचा होता, हे विरोधकांच्या बाजूने सांगायलाच हवे. परंतु मान्य करणे म्हणजे आपल्याच हातून मृत्यू घडले असे कबूल करणे होते, आणि ते जड गेले. सेमेलवाइस स्वतःही या दोषापासून मुक्त नव्हते, असे माझे मत आहे. १८५० मध्ये ते स्नेह्यांनाही न सांगता व्हिएन्ना सोडून गेले. सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला तो थेट १८६१ मध्ये. पुढे खुल्या पत्रांतून विरोधकांना खुनी ठरविले. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

हे जुने झाले म्हणावे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासणी-सूची काढली, तेव्हाही अनेक शल्यविशारदांच्या भुवया उंचावल्या. तीत चमूतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावयाचे असते. आठ रुग्णालयांतील पाहणीत (त्यांत एक दिल्लीचे) मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. वरिष्ठाला टोकण्याची मुभा परिचारिकेला मिळाली, हे त्यातले एक मर्म असावे.

घरी ताप वेगळा. दवाखान्यातला आज्ञेचा स्वर जेवणाच्या पानापर्यंत येतो आणि मुले बोलेनाशी होतात. स्वतःच्या छातीतली कळ आम्ल्पित्त म्हणून दडपणारे डॉक्टर मी पाहिले आहेत.

आमच्या इंदुरात मात्र मला अधिक घातक वाटते ती दुसऱ्या मताची चोरी. ‘डॉक्टरसाहेबांना वाईट वाटेल’ म्हणून घरची मंडळी आजीला गुपचूप दुसरीकडे दाखवितात. दोघांच्या चिठ्ठ्यांत एकच वेदनाशामक वेगवेगळ्या नावांनी असते, आणि भोगतात ती आजींची मूत्रपिंडे. म्हणून अलीकडे मीच विचारतो, ‘आणखी कुणाला दाखवायचे आहे का?’ होकार आला की फाइल बरोबर देतो आणि तिकडची चिठ्ठी परत येताना आणावयास सांगतो.