वारसा आणि कायदा (लेखांक ४) : मृत्युपत्राला खर्च किती येतो?

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मागच्या लेखांकात पाहिलं. शेअरच्या बाबतीतही तसंच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. मग आपल्यामागे कोणाला काय मिळावं हे आपणच ठरवायचं, तर मृत्युपत्र करायला हवं. पण वकील, स्टॅम्प, नोटरी यांच्या खर्चाच्या धास्तीने अनेक घरांत हा विषय वर्षानुवर्षं लांबणीवर पडतो.

ही धास्ती बरीचशी अनाठायी आहे. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ नुसार मृत्युपत्र लेखी हवं, त्यावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्या समक्ष सह्या करायला हव्यात. मृत्युपत्र साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने, आपल्या भाषेत लिहिलं तरी चालतं. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोटरीचीही गरज नाही. मुस्लिम व्यक्तींना मात्र त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो, आणि गोव्यात निम्मी मालमत्ता हक्काच्या वारसांसाठी राखीव असते. तिथल्या वाचकांनी स्थानिक सल्ला घ्यावा.

नोंदणी ऐच्छिक आहे. महाराष्ट्रात दुय्यम निबंधक कार्यालयात तिची फी १०० रुपये, शिवाय पानांप्रमाणे हाताळणी शुल्क. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी जादा फी भरून अधिकाऱ्याला घरी बोलावता येतं. नोंदणीमुळे सही करणाऱ्याची ओळख पटते आणि दस्ताची प्रत सरकारदरबारी राहते. मात्र त्यानंतर केलेलं, नोंदणी नसलेलं पण वैध मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्रावर मात करतं, हेही लक्षात ठेवा.

खरा खर्च वकिलाच्या फीचा. तिला ठरावीक दर नाही. म्हणून मसुदा, दुरुस्त्या आणि नोंदणीसाठी सोबत येणं यांतलं फीमध्ये काय धरलंय, ते आधीच विचारून घ्या. एकच सदनिका, थोड्या ठेवी आणि घरात एकमत असेल तर हा खर्च टाळता येतो. पण दुसरं लग्न, दिव्यांग अपत्य, वाटणी न झालेली वडिलोपार्जित जमीन किंवा एखाद्या वारसाला वगळण्याचा निर्णय असेल, तर तिथे हात आखडता घेऊ नका.

वय झालं असेल किंवा आजारपण असेल, तर सहीच्या दिवशीच डॉक्टरांकडून मानसिक क्षमतेचं प्रमाणपत्र घ्या. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितलं आहे. वाद कोर्टात गेला, तर साक्षीदार हयात असल्यास किमान एकाची साक्ष लागते. म्हणून साक्षीदार आपल्याहून वयाने लहान, सहज सापडणारे आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे निवडा. त्यालाही पैसा लागत नाही.

‘माझं सगळं मुलांना’ एवढंच लिहून थांबू नका. जमिनीचा गट क्रमांक, सदनिकेचा पत्ता, बँक खाती आणि प्रत्येकाचा हिस्सा स्पष्ट लिहा. मोघम वाक्यापायी भावंडं दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जो पैसा घालवतात, त्यापुढे मसुद्याची फी काहीच नाही. या रविवारी घरातल्यांसोबत बसा आणि मालमत्तेची यादी करायला घ्या.